लेट बुकातला कारणाचा रकाना

मंगळवार आणि शुक्रवार माझी गेट ड्यूटी असते. सातची घंटा, सात दहाला गेट बंद. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं २०२४ मध्ये सरकारनं सांगितलं, पण मी सहावीला शिकवते आणि आमची सहावी सातलाच भरते. सात दहानंतर आलेल्यांची नावं लेट बुकात लिहायची. रकाने पाच: नाव, इयत्ता, वेळ, कारण, सही. मग त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला लागून पहिला तास संपेपर्यंत उभं राहायचं. तीन नोंदी झाल्या की पालकांना चिठ्ठी. ठाण्यातल्या एका चर्चच्या ट्रस्टची ही शाळा आहे. नाव लिहीत नाही, कारण मला तिथे अजून नोकरी करायची आहे आणि खरं सांगायचं तर शाळा वाईटही नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट कळणार नाही, ती सांगते. गेटवर उशीर सगळ्यांचा सारखा नसतो. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या गाडीची काच खाली होते, आतून आई किंवा बाबा "ट्रॅफिक" एवढंच म्हणतात आणि मूल आत जातं. मेट्रोच्या कामानं रस्त्याची काय दशा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी हटकत नाही. चालत येणाऱ्या मुलाला ट्रॅफिक लागत नाही. तो भिंतीला उभा राहतो. हे मी आज लिहिते आहे. त्या मंगळवारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मी या गेटवर सात वर्षं उभी आहे.

त्या दिवशी भिंतीला एकोणीस जण होते. त्यात माझ्या वर्गातला एक मुलगा. खिडकीशी बसतो, म्हणून इथे त्याला खिडकीवालाच म्हणू. "काय रे, पुन्हा?" मी म्हणाले. "हो टीचर," तो म्हणाला. मी सव्वीस मिनिटं उशीर अशी नोंद केली आणि विसरून गेले, कारण तिसऱ्या तासाला माझा पाठ बघायला ट्रस्टची माणसं येणार होती आणि स्टाफरूमच्या टेबलावर माझी दोन किलो द्राक्षं ठेवली होती.

पाठनिरीक्षण म्हणजे काय प्रकार आहे ते शिक्षकांना सांगायला नको. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून शिकतं या विचाराची, जी लाट आली, तेव्हापासून "विद्यार्थीकेंद्री" हा शब्द प्रत्येक फॉर्मवर आहे. त्या काळात या पद्धतीनं शिकवणाऱ्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याला जात, मीही गेले होते, आणि तिथून आल्यावर वर्गातल्या फरशीवर रंगाची वर्तुळं काढली होती. चांगलं काही शिकलेही. पण निरीक्षणाच्या दिवशी विद्यार्थीकेंद्री म्हणजे काय, तर आदल्या दिवशी घेतलेली तालीम. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबाला पन्नास हात दिसतात, शिक्षक उजवा निवडतो. ही युक्ती मी शोधलेली नाही. मी ती वापरत नाही असंही म्हणत नाही.

माझा तास मूल्यशिक्षणाचा. त्या तासाला वर्गातली ख्रिस्ती मुलं सिस्टरांकडे धर्मशिक्षणाला जातात. ती सात. उरलेली एक्कावन्न माझ्याकडे. ही विभागणी उगाच नाही. संविधानाच्या २८व्या कलमात स्पष्ट आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. मी स्वतः नगरकडची ख्रिस्ती, आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, संडे स्कूलमध्ये वाढलेली. तरी वर्गात मी प्रार्थना घेत नाही, येशू देव आहे असं सांगत नाही. पण दाखले सांगते. गोष्ट म्हणून. आमच्या बायबलात येशूच्या दृष्टांताला 'दाखला' असाही शब्द आहे, आणि पहिल्यांदा मी "आज एक दाखला देते" म्हटलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण घाबरून म्हणाला होता, "टीचर, मी काय केलं?" शाळा सोडल्याचा दाखला वाटला त्याला.

तर त्या दिवशीचा दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला, द्राक्षमळ्याचा. मळ्याचा मालक पहाटे मजूर शोधायला जातो, दिवसाची मजुरी ठरवतो एक दिनार. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता गेला तर अजून काहीजण उभेच. "दिवसभर इथे रिकामे का उभे?" "आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही." त्यांनाही घेतो. संध्याकाळी पगार, आणि सगळ्यांना तोच एक दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

या पाठावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावरून द्राक्षं आणली. नाशिकची, हंगाम नुकताच सुरू झालेला, महाग होती आणि पैसे अर्थातच माझे. बिनबियांची लांबट घेतली, कारण गोल द्राक्षं देठापासून तोडताना फुटतात आणि मग वह्या चिकट होतात. वर्गाचे पाच गट. पहिल्या गटानं तास सुरू होताच घडातून द्राक्षं खुडून पातेल्यात टाकायची, देठ वेगळे, डागी वेगळी. पाच मिनिटांनी दुसरा गट सामील. असं करत शेवटचा गट सतराव्या मिनिटाला, आणि विसाव्या मिनिटाला मी हात वर केले, "सूर्य मावळला." मग मजुरी: प्रत्येकाला सहा द्राक्षं. शेवटच्या गटापासून वाटायला सुरुवात, दाखल्यात आहे तसंच. पहिल्या गटाला वाटलं आपल्याला वीस मिळणार. सहा हातावर पडली आणि जो गलका झाला, तो फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसला नसता. एक मुलगी रडायच्या बेतात. "हे चीटिंग आहे!" मला हेच हवं होतं. मागच्या बाकावर टॅबलेट घेऊन बसलेल्या बाई भराभर खुणा करत होत्या.

माझ्या टाचणात पुढचा टप्पा असा होता: मालक अन्यायी की उदार? दोन बाजूंनी चर्चा, मग निष्कर्ष, फळ्यावर 'उदारता' हा शब्द. आमचे पाळकसाहेबही या दाखल्यावर हेच सांगतात: कृपा ही कमावलेली नसते, उशिरा आलेल्यालाही ती पुरी मिळते. मी लहानपणापासून हेच ऐकत आले.

खिडकीवाल्यानं हात वर केला. डावा. तालमीप्रमाणे डाव्याला विचारायचं नसतं. पण दोन्ही पाहुण्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"टीचर, पाच वाजता नाक्यावर कोण असतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"माझे पप्पा नाक्यावर जातात. साडेसहाला उभं राहायचं. मुकादम येतो, जाडेजुडे आधी घेतो. नऊ वाजता भाव कमी होतो. दहा-अकरापर्यंत नाही घेतलं तर लोक घरी जातात. पाचपर्यंत कोणीच थांबत नाही. जो थांबला, त्याच्या घरी काहीच नसणार. नाहीतर त्याला घरी जायला लाज वाटत असणार."

वर्ग शांत. पहिल्या गटातला एकजण म्हणाला, "पण त्यानं काम तर केलं नाही ना."

"उभं राहणं पण कामच आहे. पाय दुखतात." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "सकाळी आम्ही उभे होतो ना टीचर, तसं."

मी काही बोलायच्या आत वर्गाची मॉनिटर उठली. ही मुलगी कधी उशिरा येत नाही, तिला नियम आवडतात, पुढे तहसीलदार होईल. ती म्हणाली, "टीचर, मालक पाच वाजता आलेल्यांना आत घेतो. मग आपण सव्वासातला आलेल्यांना बाहेर का ठेवतो?"

यावर मी जे म्हणाले ते वाक्य मला महिनाभर झोपू देत नाहीये. मी म्हणाले, "तो वेगळा विषय आहे." आणि फळ्याकडे वळून 'उदारता' लिहिलं. खडूचा आवाज आला तेवढाच. उरलेली आठ मिनिटं तालमीप्रमाणे पार पडली.

पाठाला चांगला शेरा मिळाला. विद्यार्थी सहभाग उत्तम, साधनांचा वापर उत्तम, जीवनाशी सांगड उत्तम. एका ठिकाणी गुण कापले: "चर्चा मूळ मूल्यापासून भरकटली, शिक्षकाने कौशल्याने परत आणली, परंतु वेळ गेला." टॅबलेटवाल्या बाई जाताना म्हणाल्या, "तो मुलगा हुशार आहे हं, त्याला पुढच्या वेळी आधी तयार करा." तयार करा! मी हसले. चहा दिला. उरलेली द्राक्षंही दिली.

मधल्या सुट्टीत मी लेट बुक काढलं. जूनपासूनची पानं उलटली. खिडकीवाल्याच्या तेवीस नोंदी. कारणाच्या रकान्यात तेवीस वेळा एकच शब्द, 'उशीर'. उशिराचं कारण उशीर. त्यातल्या नऊ नोंदी माझ्या हस्ताक्षरात. बाकीच्या मुलांचंही तेच. फक्त गाडीतून येणाऱ्यांच्या दोनचार नोंदींत 'ट्रॅफिक' आहे, म्हणजे त्यांना कारण असतं. चिठ्ठ्या सात वेळा घरी गेल्या होत्या आणि सातही वेळा खाली आईचा अंगठा होता. माझ्या टेबलावरून गेलेले सात अंगठे, आणि मी ते फाईलला लावले.

त्याला बोलावलं. "उशीर का होतो रे?" तो गोंधळला. बहुधा शाळेत हा प्रश्न त्याला कोणी उत्तराच्या अपेक्षेनं विचारला नसावा. चाळीत सहा वाजता पाणी येतं. पप्पा तेव्हा नाक्यावर निघालेले असतात, आई टॉवरमध्ये कामाला. हा रांग लावतो, दोन हंडे आणि एक कॅन भरतो, धाकटीला शेजारी सोडतो, मग शाळा. "आधी का नाही सांगितलंस?" "लेट बुकात लिहितात ना टीचर सगळं."

मी सिस्टरांकडे गेले. त्या मुख्याध्यापिका आहेत, कडक आहेत, आणि माणूस म्हणून मला आवडतात. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गेट उघडं ठेवलं तर उद्यापासून निम्मी शाळा सव्वासातला येईल. व्हॅनवाले तर येतीलच. आणि सात दहाला गेट बंद असतं म्हणून आपल्याला कळतं कोण आत आहे आणि कोण नाही. एखादं मूल रस्त्यावरच राहिलं तर तुम्ही शोधणार?" यात चूक काहीच नव्हतं. मी म्हणाले, "गेट बंद असू द्या, उभं तरी करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे." त्या म्हणाल्या, "उभं राहणं ही शिक्षा नाही, शिस्त आहे." मला त्या मुलाचं वाक्य आठवलं, पण सिस्टरांना मी ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही. त्यांना ते लागलं असतं म्हणून की मला नोकरी करायची आहे म्हणून.

स्टाफरूममध्ये पीटीचे सर म्हणाले, "टीचर, मत्तय बायबलात ठेवा, गेटवर घड्याळ आहे." सगळे हसले. सर वाईट नाहीत. एका पावसाळ्यात गळक्या छताखालून तिसरीची मुलं त्यांनी एकट्यानं बाहेर काढली होती. पण हसणाऱ्यांतले निम्मे दर वर्षी स्नेहसंमेलनात मिशन शाळांवर भाषण करतात: जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंना नगरला मिस फरार यांच्याकडे प्रशिक्षण मिळालं, ज्यांना कोणी आत घेत नव्हतं त्यांना मिशन शाळांनी आत घेतलं, टाळ्या. ते भाषण मीच लिहून देते, त्यामुळे मला पाठ आहे. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर येशू मुलांना जवळ घेतोय असं चित्र आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात तो प्रसंग आहे. लोक मुलांना घेऊन येतात आणि शिष्य त्यांना दटावतात, आणि त्यावर येशू चिडतो. चित्रात शिष्य नाहीत. त्या दिवशी त्यांची गेट ड्यूटी असणार.

मग मी मला जमेल ते केलं. माझ्या दोन दिवशी मी उशिरा आलेल्यांना कारण विचारते, लिहिते आणि आत सोडते. भिंतीला उभं करत नाही. परिणाम ऐका: पुढच्या मंगळवारी उशिरा आलेले एकोणीसचे एकतीस झाले. मुलांना बरोबर कळतं. "मंगळवारी चालतं रे" असं मी कॉरिडॉरमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलं. सिस्टरांनीही ऐकलं असणार. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त शनिवारी लेट बुक बघायला मागितलंय. एकतीसमधल्या किती जणांना खरंच पाणी भरायचं असतं आणि किती जण अंथरुणात लोळत असतात, ते मला ओळखता येत नाही. मालकानंही ओळखायचा प्रयत्न केला नव्हता, हे खरं. पण पैसे त्याचे स्वतःचे होते. माझ्या वर्गात पहिला तास गणिताचा असतो, आणि मध्येच दार उघडून एकेक मूल आत येताना त्या गणिताच्या टीचरचा जो चेहरा होतो, तो माझ्या उदारतेचा खर्च आहे, आणि तो त्यांच्या खिशातून जातो. त्या माझ्याशी हल्ली तुटक बोलतात.

आणि खिडकीवाला. त्या मंगळवारी तो सात वीसला आला. गेट उघडंच होतं. तो आत आला, दप्तर पाठीवर तसंच ठेवून सवयीनं भिंतीला जाऊन उभा राहिला. मी म्हणाले, "अरे, वर्गात जा." तो म्हणाला, "टीचर, थोडा वेळ थांबतो. आत्ता गेलो तर पहिल्या गटातले परत बोलतील." तो दाखल्यातल्या मजुरांबद्दल बोलत होता की वर्गातल्या, मला कळलं नाही. पाच मिनिटांनी आपणच गेला. मी लेट बुकात त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात 'पाणी'.

काल, गुरुवारी, पीटीच्या सरांची ड्यूटी होती. आज सकाळी गेटवर उभी राहिले आणि पान उघडलं. सरांनी कालची त्याची नोंद केली आहे. कारणाच्या रकान्यात आधी सवयीनं 'उशीर' लिहिलेलं दिसतं. ते खोडलंय. वर छोट्या अक्षरात 'पाणी?' असं लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट.