नावावर केस आहे, ट्रक शिकता येईल का?

फोन बहुतेक दुपारी येतो. मी कुठल्यातरी ढाब्यावर गाडी लावून जरा आडवा झालेलो असतो. पलीकडे कुणाची तरी आई असते, नाहीतर थोरला भाऊ. आधी पाऊसपाणी, भाडी कशी आहेत, असं इकडचं तिकडचं होतं. मग आवाज खाली येतो. "दादा, आमच्या पोराच्या नावावर एक केस आहे. त्याला ट्रकचं लायसन मिळंल का? तुम्हाला कसं मिळालं?"

आता एवढ्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

माझं आधी. २०१४ साली बांधावरून चुलत भावाशी भांडण झालं. माण तालुक्यात आमचं रान, बांध जेमतेम दीड हाताचा. माझ्या हातात फावडं होतं. त्याचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. लोक म्हणतात, रागाच्या भरात होतं असं. होत असेल, पण फावडं माझ्याच हातात होतं. दंड संहितेचं कलम ३२६, म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत; पाच वर्षं सक्तमजुरी. (१ जुलै २०२४ पासून हेच कलम नव्या भारतीय न्याय संहितेत ११८ (२) झालंय. नवीन पोरांच्या कागदावर तो आकडा असतो.) जामीन झाला नाही. शिक्षा लागल्यावर येरवडा, तिथून पैठणचं खुलं कारागृह. तिथे शेती होती, ट्रॅक्टर होता आणि ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागे घेता येणारे कैदी फार नव्हते. मला येत होतं. ट्रॉली उलटी घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉलीची शेपूट डावीकडे जाते. हे ज्याच्या हातात बसलं, त्याचा निम्मा ट्रेलर तिथेच शिकून होतो. शिक्षेतली माफी धरून २०१८ च्या दिवाळीआधी बाहेर आलो.

हलक्या गाडीचं लायसन माझ्याकडे २०११ पासून होतं. जड वाहनाच्या शिकाऊ लायसनला ते किमान एक वर्षाचं लागतं आणि वय वीस पूर्ण. पण माझी शाळा सातवीत सुटलेली आणि तेव्हा मालवाहू गाडीच्या लायसनला आठवी पास लागायचं. म्हणजे मला अडवलं ते केसने नाही, सातवीच्या दाखल्याने. वर्षभर किन्नर, म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरच्या हाताखालचा पोऱ्या म्हणून गाडीवर फिरलो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आठवीची अट काढून टाकली आणि माझा मार्ग मोकळा झाला. त्या वर्षी बातम्यांत मोठ्या दंडांचा गाजावाजा होता, या बदलाकडे फार कुणाचं लक्षच गेलं नाही. आमच्या गाडीअड्ड्यावर मात्र पेढे वाटले होते.

कराडच्या आरटीओत अर्ज द्यायला गेलो तेव्हा सुटकेचा कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. कुणी विचारलं तर लगेच काढून दाखवायचा, लपवायचं नाही, असं ठरवून. रांगेत पाठ करत होतो, काय बोलायचं ते. खिडकीतल्या माणसाने आधार बघितलं, जुनं लायसन बघितलं, डॉक्टरचा फॉर्म १-अ बघितला आणि म्हणाला, पुढे फोटो काढा. झालं. लायसन पूर्वी रद्द झालंय का, अपात्र ठरवलंय का, हे अर्जात विचारतात. तुरुंगात होतात का, असा रकानाच नव्हता. तो कागद घामाने भिजून तसाच घरी आला. घडीवरची अक्षरं अजून पुसट आहेत.

कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९. लायसनला अपात्र ठरवायचा किंवा ते काढून घ्यायचा अधिकार आरटीओला कधी आहे, ते त्यात आहे. माणूस सराईत गुन्हेगार असेल, अट्टल दारुडा असेल, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला असेल, दखलपात्र गुन्ह्यात त्याने गाडी वापरलेली असेल किंवा त्याचं आधीचं चालवणंच लोकांच्या जिवावर उठणारं असेल, तर. एकदा झालेली मारामारी यात आपोआप बसत नाही. पण गुन्हा गाडीतून केलाय, चोरीचा माल गाडीने नेलाय, तर प्रकरण वेगळं. त्याला मी फोनवर हो म्हणत नाही, वकिलाला कागद दाखवा म्हणतो. शिवाय कोर्टाने निकालातच ठरावीक काळ गाडी चालवायला बंदी घातली असेल, तर ती आधी वाचा. निकालपत्राचं शेवटचं पान बघायचं सोडून लोक मला फोन करतात.

बाकी रीत सगळ्यांना तीच. आधी शिकाऊ लायसन. मग तीस दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट, तिला ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. पाच वर्षांनी नूतनीकरण.

आता शिकण्याचं. शाळेची गाडी म्हणजे जुनी लेलँड, उस्तादाच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक. उस्ताद साठीचे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी मी चावी मारली आणि गिअर टाकायला लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "काटा बघ." हवेचा काटा तळाला होता, बझर वाजत होता. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर. हवा भरेपर्यंत हँडब्रेक सुटत नाही, आतली स्प्रिंग चाक आवळून धरते. कारवाल्याला हे उलटं वाटतं. आम्ही दोघं काही न बोलता काटा चढायची वाट बघत बसलो आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कशात होतास?"

गावात बातमी असतेच. मी सांगितलं. बांध, फावडं, कलम, सगळं.

ते काचेतून समोर बघत म्हणाले, "हायवेला रोज पन्नास जण तुझा बांध कोरतील. जमंल का?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. बझर थांबला, आम्ही निघालो.

महिनाभर त्यांनी खरं तर तेच शिकवलं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत कापून येतात, म्हणून आधी बाहेर काढायची आणि मग आत घ्यायची. तेवढ्यात मोकळ्या झालेल्या जागेत एखादा बुलेटवाला घुसतोच. तो घुसला की उस्ताद माझ्याकडे बघायचे, त्याच्याकडे नाही. किन्नर साइडला, म्हणजे डाव्या बाजूला, आरशात न दिसणारा पट्टा कुठवर आहे, हे दाखवायला मला खाली उतरवून तिथे उभं केलं आणि स्वतः वर बसून म्हणाले, "तू मला दिसत न्हाईस." खंबाटकी चढून साताऱ्याच्या बाजूला उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलीस तर उतरून एसटीने घरी जा. जोडचाकांतलं आतलं चाक बसलंय का, ते टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून ऐकायचं. भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला थप्प करतो. हा कान मला किन्नर असतानाच आला होता. म्हणून म्हणतो, थेट शाळेत पैसे भरण्याआधी सहा महिने गाडीवर किन्नर म्हणून जा. पण लर्निंग निघाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. माझ्या गाडीवर तरी मी लावू देत नाही.

लायसन निघालं. खरी परीक्षा त्यानंतर, आणि ती शेठच्या दारात असते. तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना मी आधीच सांगितलं, तिघांनी चहा पाजून वाटेला लावलं. चौथ्याने एकच विचारलं, "चोरीची हाय का?" मी म्हटलं, नाही, मारामारीची. "मग चालंल. डिझेल काढणारा नको मला." हातात गाडीची चावी दिली आणि जामीन म्हणून उस्तादांचं नाव लिहून घेतलं. आमच्या धंद्याचा न्याय हा असा आहे. तीनशे लिटरची टाकी आणि लाखोंचा माल घेऊन माणूस चार रात्री एकटा असतो, त्यामुळे मालकाला हाताची भीती जास्त, डोक्याची कमी. मला हे पटत नाही. भरल्या गाडीवर तापट माणूस बसवणं जास्त जोखमीचं. पण फायदा मलाच झाला, तक्रार कुठल्या तोंडाने करू?

ज्याच्यावर चोरीची केस आहे त्याला म्हणून जास्त दिवस लागतात. त्याने बंद बॉडीच्या मालाच्या मागे लागू नये. मुरूम, खडी, सिमेंटच्या गाड्यांवर ओळख करावी, दोनेक वर्षांनी लोक नावाने बोलवायला लागतात. मात्र वाळूच्या गाडीवर जाऊ नका. रात्रीचे पैसे चांगले मिळतात, पण धाड पडली की मालक घरी झोपलेला असतो आणि गुन्हा ड्रायव्हरवर लागतो. एक केस असलेल्याची दुसरी झाली की तो सराईताच्या वाटेला लागतो, आणि कलम १९ वर वाचलंतच. गुटख्याचंही तसंच, २०१२ पासून राज्यात बंदी आहे. बिल्टी आणि ई-वे बिल, म्हणजे मालाचे कागद, डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मालक चिडला तर चिडू दे.

केस अजून चालू असेल तर जामिनाच्या अटी वाचा. जिल्हा सोडायचा नाही, दर रविवारी ठाण्यात हजेरी, अशी अट असेल तर लांबची भाडी बंद. कोर्टाकडून अट शिथिल करून घ्या, मग बेंगळुरूची स्वप्नं बघा. तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि ते तुम्हाला नेमकं भरल्या गाडीसकट गाठतं. तडीपार असाल तर आणखी बारकाईने बघा. साताऱ्यातून तडीपार असलेल्या एका पोराने मला विचारलं होतं, "मी नुसता हायवेने जाणार, उतरणार नाही, चालतं का?" पुणे-कोल्हापूर रस्ता अख्खा जिल्हा चिरत जातो. परवानगी नसताना आत पाय ठेवलास की नवा गुन्हा, मग तो पाय क्लचवर का असेना.

काही दारं मात्र बंद किंवा निम्मी उघडी आहेत, खोटं कशाला सांगू. माणसं वाहायची गाडी, म्हणजे टॅक्सी किंवा खासगी बस, तिला बॅज लागतो आणि बॅजला पोलीस पडताळणी. नुसत्या मालाच्या ट्रकला बॅज लागत नाही. एसटीच्या भरतीत चारित्र्य पडताळणी असते. लहानपणापासून मला लाल गाडीच चालवायची होती, आता ती बाजूने गेली की मी साइड देतो. मोठ्या कंपन्यांच्या गेटवरही चारित्र्याचा दाखला मागतात. मला एकीने भरलेली गाडी बाहेर उभी ठेवून परत पाठवलंय. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत अकरा तास गेले. त्या दिवशी फोन करून सांगायला शेठशिवाय कुणी नव्हतं, आणि शेठला आधीच सगळं माहीत होतं म्हणून नोकरी राहिली.

चुलत भावाचं विचारता काही जण. तो बोलत नाही. आमच्या रानातली ज्वारी मार्केटला न्यायला गाडी लागली तेव्हा त्याने दुसऱ्याची लावली. बरोबर आहे त्याचं.

परवा फोन केलेल्या म्हसवडच्या मावशींना सांगितलंय: मंगळवारी पहाटे पाचला गाडी दहिवडीच्या चौकात थांबेल. पोराला हलक्या गाडीचं लायसन आणि निकालपत्राची झेरॉक्स घेऊन पाठवा. जेवणाचा डबा द्या. आणि चप्पल नको, बूट घालून येऊ दे, चप्पल पेडलखाली अडकते.