पाय हिकडं कर

दिवे घाट चढताना माझ्या मनात विठ्ठल नव्हता, बँकेचा हप्ता होता. एकादशी, उपास, पुण्याहून सासवड तीसेक किलोमीटर आणि वळणावळणावर कुणाच्या तरी डोक्यावरची तुळस उसनी घेऊन फोटो काढणारी मंडळी. मी रागारागाने टाळ बडवत होतो. शेजारचे बाबा म्हणाले, "माऊली, लय सोडू नका."

दिघीजवळ माझं छोटं वर्कशॉप होतं. माऊलींची पालखी आळंदीहून निघाली की दारावरूनच जायची. आम्ही टेबल मांडून केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटायचो, मागे नावाचा फ्लेक्स. वारकरी वाकून नमस्कार करायचे, बरं वाटायचं. मग मोठं गिऱ्हाईक बुडालं आणि त्याच्यामागोमाग मी. मशिनी बँकेने नेल्या. यंदा दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरायलासुद्धा पुरते पैसे नव्हते. दिंडीप्रमुखांनी होते तेवढे घेतले, बाकीचं विचारलं नाही, फक्त म्हणाले, "पहाटे टँकरवर पाणी भरायला जात जा."

जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. टँकरपुढची ढकलाढकली मात्र स्वच्छ आठवते. आणि वाटेवर कुणी चहा पुढे केला की मी "झालाय" म्हणायचो. झालेला नसायचा. आपण देणाऱ्यांतले, एवढंच डोक्यात बसलेलं.

बरडहून नातेपुत्याला जाताना डाव्या टाचेचा फोड रुपयाएवढा झाला. सँडल भिजलेली, मोजा आत चिकटलेला. दुपारचं ऊन असं तापलं की डांबरावर टाच टेकवेना. बाभळीखाली बसलो. आमची दिंडी पुढे गेली, मग मागचीही गेली, आणि पताका दिसेनाशा झाल्या. तेवढ्यात फोन वाजला, वसुलीवाल्याचा. कापला.

एक आजी थांबल्या. परभणीकडच्या. डोक्यावर वळकटी, हातात काठी. माझ्या टाचेकडे बघून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाय हिकडं कर."

"नको आजी, मी बघतो."

"काय बघतूस? लाजायला काय झालं? माऊलीच हायस की."

पाय ओढून घ्यायच्या आत त्यांनी तो मांडीवर घेतला. माझ्या आईच्या वयाची बाई आणि तिच्या लुगड्यावर माझा धुळीने माखलेला पाय! कंबरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, काडी ओढून सुईचं टोक तापवलं, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढलं. दोरा दोन्हीकडून बोटभर सोडून तोडला. "असाच ऱ्हाऊ दे आत. पाणी दोऱ्यानं गळतं. वरचं कातडं काढायचं न्हाई." मग हळद आणि खोबरेल तेल. मी बघत राहिलो. दोऱ्याच्या टोकाशी एकेक थेंब जमत होता, गळत होता.

बोलायचं म्हणून विचारलं, पेरण्या झाल्या का?

"कापूस टोबून आलाव. पाऊस न्हाई अजून."

"नाही पडला तर?"

"तर दुबार. बी उसनं आणावं लागंल, आणू." आणि आकाशाकडे काठी करून, "त्याला ठावं हाय. म्या सांगून आले, तिकडं तू बघ, हिकडं मी चालती."

उठताना त्यांनी त्याच पायावर डोकं टेकवलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मी त्यांच्या पाया पडेपर्यंत त्या चालायलाही लागल्या होत्या.

पुढे एका पालाजवळ पोरांनी चहा धरला. घेतला. दुसरा मागून घेतला.

नातेपुत्याच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या माणसांचा गलका एका क्षणात थांबला. आजी कुठे दिसतात का बघितलं. हजारो पांढरे पदर, काय ओळखणार? रात्री राहुटीत शेजारचे बाबा घोरत होते म्हणून त्यांना दोनदा हलवून उठवलं, हेही सांगायला हवं.

सदाशिवनगर, माळशिरस, वेळापूर, वाखरी. पंढरपूरला दर्शनबारीची रांग बघून कळसालाच हात जोडले. निष्काम भक्ती ज्यांना जमते त्यांनी करावी. मी सरळ मशिनी मागितल्या. शिवाय पाऊस, परभणीकडे.

परतीच्या एसटीत उभ्या उभ्या मेव्हण्याला फोन लावला. त्याच्याकडे पैसे मागायचं कितीतरी दिवस टाळत होतो. "सगळे नाही जमायचे, निम्मे देतो," म्हणाला. वर इंदापूर येईपर्यंत सुनावत होता. ऐकून घेतलं.