‘व्हेट’ आणि ‘वेट’ वेगळे म्हणता येईपर्यंत

मराठी माध्यमाच्या शाळेत मी पहिलीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून हा विषय पहिलीपासून आला. माझे स्वतःचे इंग्रजी मात्र पाचवीत सुरू झाले आणि तेही कानांपेक्षा फळ्यावरूनच अधिक आले. माझा उच्चार हाच मुलांचा पहिला उच्चार ठरतो, ही जाणीव स्वस्थ बसू देईना, म्हणून गेल्या वर्षी मी रोज रात्री अर्धा तास सराव सुरू केला.

उच्चार तपासणारे पहिले ॲप महिनाभरात सोडले. ‘व्हेट’ म्हणजे पशुवैद्य आणि ‘वेट’ म्हणजे ओले. हे दोन्ही शब्द मी एकाच ‘व’ने म्हटले, तरी ते दोन्हींपुढे हिरवी खूण करीत असे. त्यापेक्षा मोबाइलवरचे व्हॉइस टायपिंग अधिक काटेकोर निघाले. मात्र पूर्ण वाक्य बोलले की ते संदर्भावरून शब्द ओळखते आणि चूक झाकली जाते, म्हणून शब्द सुटाच बोलावा लागतो. तसे केल्यावर माझ्या ‘व्हेट’च्या जागी पडद्यावर पुन्हापुन्हा ‘वेट’ उमटू लागले.

मग आरसा घेतला. आपल्या ‘व’मध्ये खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. ‘व्हेट’साठी दात ओठावर टेकवून हवा घासत सोडायची, ‘वेट’साठी ओठ दातांना लागू न देता शीळ घालताना होतो तसा चंबू करायचा. हे हाताला लागल्यावर यूग्लिश या संकेतस्थळावर तोच शब्द वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकत गेले, तेव्हा कुठे कानाला फरक कळू लागला.

आघाताचे, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याचे, कोडे मात्र प्राटने सोडवले. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचा हा संगणक प्रोग्राम मोफत मिळतो आणि आवाजाचे चित्र काढून दाखवतो. शब्दकोशातला ‘डेव्हलप’चा उच्चार आणि माझा उच्चार मी एकाखाली एक ठेवले. शब्दकोशातल्या उच्चारात पहिले अक्षर आखूड होते आणि दुसऱ्यावर आवाजाच्या उंचीची रेघ स्पष्ट चढत होती. माझा सगळा जोर पहिल्या अक्षरावरच पडत होता. इतकी वर्षे कोणी सांगूनही जे उमगले नव्हते, ते त्या रेघेत दिसले.

‘थिंक’मधला ‘थ’ अजून जिभेवर बसलेला नाही. जीभ दातांना घट्ट टेकवून आपला ‘थ’ म्हणण्याची सवय फार जुनी आहे. सध्याचा अर्धा तास मी तिलाच दिला आहे.