डिस्कचा रस्ता वेगळा

मी ज्या सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो, तेथे २०१० पर्यंत प्रत्येक सर्व्हरला त्याच्या स्वतःच्या डिस्क जोडलेल्या असत. सर्व्हर आणि डिस्कची पेटी यांच्यामध्ये मनगटाएवढा ताठ असा स्कझीचा, म्हणजे सर्व्हरने डिस्कशी बोलण्याच्या तेव्हाच्या पद्धतीचा, केबल असे. त्या पिढीतील शेवटच्या, म्हणजे अल्ट्रा ३२० जातीच्या स्कझीवर सर्व्हरचे कार्ड धरून १६ उपकरणे बसत, सेकंदाला ३२० मेगाबाइटचा वेग त्या सर्वांत वाटला जाई आणि केबलची लांबी १२ मीटरच्या पुढे नेता येत नसे. कोअर बँकिंगच्या डेटाबेसची जागा मार्चअखेर जवळ आली की हमखास संपत येई. त्याच वेळी शेजारच्या रॅकमधील ई-मेलच्या सर्व्हरची निम्मी डिस्क रिकामी असे, परंतु तेथील जागा उचलून इकडे देण्याची काहीही सोय नव्हती. दर वर्षी आम्ही डिस्क खरेदी करत होतो आणि दर वर्षी एकूण जागेचा मोठा भाग वापराविना पडून राहत होता.

फायबर चॅनलचा, म्हणजे सर्व्हर आणि डिस्क यांना स्विचमार्फत जोडणाऱ्या वेगळ्या जाळ्याचा, खर्च संचालक मंडळापुढे मांडताना आम्ही वेगाचा मुद्दा पहिला घेतला होता. आज मागे वळून पाहताना तो क्रम चुकला होता असे मला वाटते. खरा लाभ हा होता की डिस्क सर्व्हरच्या दावणीतून सुटल्या. सर्व डिस्क एका स्टोरेजमध्ये एकत्र आल्या, त्यांतून हव्या त्या आकाराचे भाग, म्हणजेच लन, कापून ज्या सर्व्हरला हवे त्याला देता येऊ लागले, आणि सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ती त्याच्याच पोटातली डिस्क राहिली. कारण फायबर चॅनल स्कझीच्याच आज्ञा वाहून नेते. केवळ त्या जाड केबलऐवजी २११२ बाइटपर्यंत माल भरता येणाऱ्या फ्रेममधून, म्हणजे डेटाच्या छोट्या पाकिटांतून, नेते. स्विचवरील झोनिंग कोणता सर्व्हर कोणत्या स्टोरेजशी बोलेल हे ठरवते, आणि कोणता लन कोणाला दिसेल हे स्टोरेज ठरवते. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याचा लन दुसऱ्या सर्व्हरला दाखवून काम पुढे चालू करणे, हे पूर्वी स्क्रूड्रायव्हर घेऊन करावे लागे.

जाता जाता नावाविषयी एक गोष्ट सांगतो. या पद्धतीचे पहिले अमेरिकी प्रमाणक १९९४ साली मंजूर झाले. त्यात काचतंतूबरोबर तांब्याच्या तारेलाही मुभा ठेवल्यामुळे समितीने ‘फायबर’ या शब्दाचे अमेरिकी स्पेलिंग सोडून ब्रिटिश स्पेलिंग मुद्दाम स्वीकारले. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्याने ही सगळी खटपट आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

‘साध्या इथरनेटवरून हेच होत नाही का’ असा प्रश्न त्या वेळी आम्हाला विचारला गेला होता आणि तो रास्त होता. साध्या इथरनेटवर गर्दी झाली की स्विच पॅकेट सरळ टाकून देतो आणि ते पुन्हा पाठवण्याचे काम वरच्या थरावर सोपवतो. ई-मेलला त्याने फारसे बिघडत नाही. परंतु डेटाबेस मात्र लिहून झाल्याची पोच येईपर्यंत खोळंबून राहतो. फायबर चॅनलमध्ये पाठवणाऱ्याला समोरच्याकडे किती बफर, म्हणजे आलेली फ्रेम तात्पुरती ठेवण्याच्या जागा, रिकामे आहेत हे आधीच सांगितलेले असते आणि तेवढ्याच फ्रेम तो सोडतो. पंगतीत जितकी पाने मांडली असतील तितकीच माणसे आत घ्यायची आणि एक पान उठले की दाराशी उभ्या असलेल्याला बोलवायचे, तसाच हा हिशेब आहे. त्यामुळे गर्दीपोटी फ्रेम टाकून देण्याची वेळ सहसा येतच नाही. अंतर वाढले की मात्र पाने जास्त मांडावी लागतात. काचेतून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून १० किलोमीटरवरील दुसऱ्या केंद्राशी ८ गिगाबिटने बोलताना तार पूर्ण भरलेली ठेवायची असेल तर साधारण ४० बफर हाताशी लागतात.

रात्रीच्या बॅकअपमध्ये फरक आकड्यांतच दिसला. पूर्वी २ टेराबाइट डेटा एका गिगाबिटच्या इथरनेटवरून बॅकअप सर्व्हरकडे जाई आणि त्याला पाच तास लागत. डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचे काम, लांबले की सकाळी शाखा उघडताना बॅकअप आणि कॅशियर एकाच तारेवर भांडत. ८ गिगाबिटची तार सेकंदाला सुमारे ८०० मेगाबाइट नेते, म्हणजे कागदावर तेच काम पाऊण तासाच्या आत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला, कारण एलटीओ-४ जातीच्या आमच्या दोन टेप ड्राइव्ह प्रत्येकी सेकंदाला १२० मेगाबाइटपेक्षा वेगाने लिहूच शकत नव्हत्या. तरीही बॅकअप शाखांच्या तारेवरून कायमचा उतरला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

या व्यवस्थेने एकदा आम्हाला चांगलेच रडवले. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डे, दोन स्विच आणि दोन स्वतंत्र मार्ग दिलेले असल्याने एक मार्ग तुटला तर मल्टिपाथिंग, म्हणजे मार्ग निवडणारे सर्व्हरवरील सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर काम नेते, आणि तुटलेल्या मार्गाची आम्हाला भीती नव्हती. एका मार्चमध्ये डेटाबेस दर काही मिनिटांनी अर्धा मिनिट थिजू लागला. मार्ग तुटलेला नव्हता; तो अधूनमधून फ्रेम खराब करत होता, आणि तितक्याने तो बाद ठरत नसल्याने मल्टिपाथिंग त्यावर काम पाठवतच राहिले. आम्ही कार्ड बदलले, एसएफपी, म्हणजे विजेचे संकेत प्रकाशात बदलणारा छोटा जोड, बदलले, आणि तिसऱ्या दिवशी पॅचकॉर्डचे, म्हणजे जोडणीच्या आखूड काचतंतूच्या तारेचे, टोक तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ज्या ५० मायक्रॉनच्या वर्तुळातून प्रकाश जातो त्याच्या ऐन मध्यावर धुळीचा एक कण बसला होता. क्लीनर पेनचा एक टिचका दिला आणि त्रुटींचा आकडा वाढायचा थांबला. तेव्हापासून पॅचकॉर्डचे टोपण काढल्यावर, ती कोरी असली तरी, पुसल्याशिवाय लावायची नाही असा आमच्याकडे दंडक आहे.

दोन-तीन सर्व्हर असलेल्या पतसंस्थेने यात पडू नये, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो. १० गिगाबिटच्या वेगळ्या इथरनेट स्विचवर आयस्कझी, म्हणजे स्कझीच्याच आज्ञा इथरनेटवरून नेण्याची पद्धत, त्यांना पुरते आणि ते सांभाळण्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

आमच्याकडे आता ३२ गिगाबिटचे स्विच आले आहेत. त्यांतील ३२ गिगाबिटचे एसएफपी १६ आणि ८ गिगाबिटपर्यंत खाली उतरते, त्याच्याखाली नाही. जुन्या टेप ड्राइव्ह ४ गिगाबिटच्या आहेत आणि त्या टेपवरील खात्यांच्या नोंदी अजून जपून ठेवायच्या आहेत, म्हणून जुना स्विच खालच्या खणात चालू ठेवला आहे. त्याचे पंखे बरेच कुरकुरतात.