तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात क्लेरी सेज कशाला?

"जे झाड पुण्यात टिकत नाही ते लावायचंच कशाला?" क्लेरी सेज या सुगंधी तेलाच्या परदेशी झाडाबद्दल कर्वेनगरातले शेजारी विचारतात, नणंद विचारते, गांडूळखताची पोती टाकून जाणारा माणूसही विचारतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला: "तेल काढणार का?" इतके दिवस चहा पुढे करून विषय बदलत होते. आता लिहूनच टाकते.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नाही काढणार. तेल फुलोऱ्याच्या ताज्या तुऱ्यांतून वाफेने काढतात आणि त्याला फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये आहेत तशी शेतंच्या शेतं लागतात. माझ्याकडे कंपाउंडलगतची एक पट्टी आहे. त्यातही अर्धी कढीलिंबाने खाल्लीय.

पहिल्याचं असं, की मी सुगंधी द्रव्यांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. क्लेरी सेजच्या तेलाचा ड्रम आला की नमुना माझ्या टेबलावर. त्यात वासाचा मुख्य घटक लिनॅलिल अ‍ॅसिटेट किती ते बघायचं, सहसा 60 टक्क्यांच्या वर, मग लिनॅलूल हा दुसरा घटक, मग सही. याच झाडातून स्क्लेरिऑल नावाचं द्रव्य मिळतं आणि त्यापासून अ‍ॅम्ब्रॉक्साइड करतात. देवमाशाच्या पोटातल्या अंबरऐवजी अत्तरांत आता तेच जातं. हे सगळं पाठ होतं, झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं. ते बघायचं होतं. बस. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुंडीत लावता तेव्हा तुम्हाला कोणी कारण विचारतं का?

बी उगवायला काही कठीण नाही, उगाच बाऊ करू नका. तुळशीच्याच कुळातलं झाड, त्यामुळे भिजवलं की सब्जासारखा बुळबुळीत थर धरतं. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरला की पेरायचं, वर मातीचा नुसता हात फिरवायचा. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. मग फेब्रुवारीपर्यंत जमिनीलगत पानांचा घेर पसरतो: सुरकुतलेली, लवदार, तळहाताहून मोठी पानं. चुरगाळली की उग्र वास. माझ्या नणंदेला तो घामाचा वाटतो. तिचं अगदीच चुकतंय असं नाही.

पहिल्या वर्षी एवढंच. हे दोन वर्षांचं झाड आहे. भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या मुलखात पहिल्या वर्षीची पानं हिवाळ्याची थंडी खातात आणि दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, तीन-चार फुटांपर्यंत, त्याला जांभळट-गुलाबी कागदी पानं आणि त्यांच्या कुशीत फुलं. शिवाय त्याचा उन्हाळा कोरडा. आपल्याकडे पाऊस नेमका उन्हाळ्याच्या पाठीवर बसून येतो, आणि थंडी म्हणजे जानेवारीतल्या काही पहाटा, दुपारी परत तीस अंश.

तरी 2023च्या दिवाळीनंतर पेरलेलं एक रोप टिकलं. वाफ्यात मुरूम आणि वाळू घालून उंचवटा केला होता, 2024चा अख्खा पावसाळा वर पत्रा होता. पुढचा हिवाळा निघाला आणि एप्रिलमध्ये घेराच्या मधोमध काहीतरी चौकोनी, केसाळ वर यायला लागलं. मी रोज सकाळी दात घासत तिथे उभी. शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण हे काय आहे?"

मे महिन्यात टोकाशी कळ्यांची दाटी झाली. पत्रा काढून ठेवला होता, कारण दांड्याला उंची हवी होती आणि पावसाला अजून अवकाश होता. पुण्यात मोसमी पाऊस जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो, असं आपण धरून चालतो. 2025 साली तो 26 मेलाच पोचला, आणि त्याआधीचे वळवाचे दिवसही कोरडे नव्हतेच. पत्रा परत चढवला, ताडपत्री बांधली. पण पाणी वरून थांबवता येतं. भिंतीपलीकडच्या काळ्या मातीतून जे झिरपत आलं त्याला मी काय बांधणार? खालची पानं आधी पिवळी पडली, मग पारदर्शक झाली. एका सकाळी दांडा तिरपा दिसला म्हणून सरळ करायला हात लावला, तर तो अलगद हातातच आला. मातीलगत बुंधा काळा आणि मऊ. कळ्या मात्र हिरव्या, घट्ट, त्यांना काही कळलंच नव्हतं.

ह्यांनी विचारलं, "पाण्यात ठेवून उमलेल का गं?" ठेवला. नाही उमलला. कळ्या बोटांत चुरून वास घेतला. टेबलावरच्या नमुन्याचा वास त्यात शोधत होते. होता की मीच तो तिथे घातला, सांगता येत नाही. कंपनीतलं तपासायचं मशीन असतं तर बघितलं असतं.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले, की मला फुलाची हौस नव्हतीच, पानं बघितली, झालं. तुमच्यापैकी काही जणींनी मानही डोलावली. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, मग कळ्या वहीत का ठेवल्यास? तेल फुलोऱ्याचं. फूल बघितलं नाही म्हणजे ज्यावर मी सही करत होते ते बघितलंच नाही. दुसरीकडे हेही खरं, की त्या पानांकडे बघत बसण्यात दीड वर्ष मजेत गेलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मला विचारू नका.

पुन्हा पेरलंय. या खेपेला मातीच्या खोल कुंडीत, म्हणजे मेपासूनच उचलून छपराखाली नेता येईल. कंबर साथ देईल का, हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारायला घरात माणूस आहे.

रोप मागू नका, देणार नाही. सोटमूळ असल्यामुळे उपटून लावलेलं नीट धरत नाही. बी हवं असेल तर संध्याकाळी पाचनंतर या.