फेनवे पार्कची प्रतिकृती : डावी भिंत उभी राहिली

बेसबॉलच्या या मैदानाची प्रतिकृती करताना मागच्या नोंदीत इनफील्डपर्यंत (फलंदाजाजवळचा आतला भाग) आलो होतो. त्यानंतरच्या दोन महिन्यांत फक्त डावी बाजू झाली, पण फेनवेची डावी बाजू झाली म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं मी मानतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : बॉस्टनचं फेनवे पार्क, स्केल १:४००, एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) बेसवर आयव्हरी कार्ड (जाड, गुळगुळीत कागद). हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालं आणि बॉस्टनचा संघ रेड सॉक्स आजही तिथेच खेळतो. मधल्या काळात ते इतक्या वेळा बदललं की कुठल्या वर्षाचं फेनवे करायचं हे ठरवल्याशिवाय कटर हातात घेता येत नाही. माझा जीव दोन वर्षांत अडकला, १९१२ आणि १९४७. म्हणून डाव्या बाजूचे दोन सुटे तुकडे करायचं ठरवलं. हवा तो खाचेत बसवायचा.

आधी १९४७ चा तुकडा घेतला. होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) डाव्या फाउल पोलपर्यंत (मैदानाची हद्द दाखवणारा खांब) ३१५ फूट, म्हणजे स्केलवर २४० मिलिमीटर. हा आकडा कित्येक वर्षं खुद्द भिंतीवर लिहिलेला होता, म्हणून तोच धरला. भिंत लावून पाहिली तर ती मागच्या लॅन्सडाउन स्ट्रीटच्या फुटपाथवर चढली! बेसवर रस्त्यांचा नकाशा मी आधीच चिकटवला होता. वाटलं, प्रिंट ताणली गेली असेल. पुन्हा पुन्हा मोजलं, प्रिंट बरोबर होती. मग जुनी टिपणं चाळताना सापडलं : १९९५ मध्ये तो आकडा बदलून ३१० केला गेला. भिंत हलली नव्हती, आकडाच जास्तीचा होता. पाच फुटांचे माझ्याकडे जवळपास ४ मिलिमीटर होतात, आणि तेवढीच भिंत फुटपाथवर आली होती. नवीन पट्टी कापली, ती अलगद बसली.

आता माझा नियम पक्का झाला आहे : आधी रस्ते, मग मैदान. त्या पिढीची मैदानं घडलीही तशीच. शहरात जमिनीचा जो तुकडा मिळाला त्यात मैदान बसवायचं. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डची उजवी बाजू आखूड होती, कारण पलीकडे बेडफर्ड अॅव्हेन्यू हा रस्ता. फेनवेत होम प्लेट नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. सामने दुपारी होत (तिथे प्रकाशझोतातला पहिला सामना १९४७ मध्येच झाला), त्यामुळे मावळतीकडचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नसे. पण या मांडणीत लेफ्ट फील्ड (मैदानाचा डावीकडचा बाहेरचा भाग) थेट लॅन्सडाउनवर जाऊन आदळतं. १९१२ मध्ये त्याची फारशी काळजी वाटण्याचं कारण नव्हतं. तेव्हाचा चेंडू लांब जातच नसे. भिंत होती ती फुकट्या प्रेक्षकांना अडवायला. तरी मैदान सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच, २६ एप्रिलला, रेड सॉक्सच्या ह्यू ब्रॅडलीने तिच्यावरून चेंडू मारला.

ती पहिली भिंत लाकडी, सुमारे २५ फूट उंच. स्केलवर १९ मिलिमीटर. तिच्या पायथ्याशी दहा फुटांचा चढ होता आणि डफी लुईस हा लेफ्ट फील्डर मागे न पाहता त्यावर चढून झेल घ्यायचा, म्हणून त्या चढाचं नाव ‘डफीज क्लिफ’. गर्दी उसळली की प्रेक्षकांनाही तिथेच बसवत. माझ्याकडे हा चढ फक्त साडेसात मिलिमीटरचा, पण सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. शाडूचा केला, वाळल्यावर तडे गेले. कार्डाचे थर चढवले, पायऱ्या दिसायला लागल्या. शेवटी दिवाळीच्या किल्ल्याची आठवण झाली. लहानपणी दगडांवर ओलं गोणपाट टाकून त्यावर माती लिंपायचो, तेव्हा डोंगराला आपोआप वळण यायचं. तसंच केलं : खाली कार्डाचे थर, वर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर. चढ असा उतरलाय की बोट फिरवत राहावंसं वाटतं. गवतासाठी वस्त्रगाळ केलेला, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. इनफील्डला गेरू वापरला होता, त्याच्याशी हा हिरवा छान खुलतो.

१९३४ च्या नूतनीकरणात हा चढ जवळजवळ सपाट केला आणि लाकडाच्या जागी पत्रा मढवलेली ३७ फूट २ इंचांची भिंत आली. हातानं आकडे बदलायचा धावफलकही तेव्हाचाच. आधी तिच्यावर जाहिराती होत्या, १९४७ मध्ये त्या जाऊन हिरवा रंग आला. माझी भिंत २८.३ मिलिमीटरची. रंगाचे तीन पातळ हात दिले, एकाच जाड हातात पत्र्याचे सांधे बुजत होते. वरची २३ फुटांची जाळी लॅन्सडाउनवरच्या काचा वाचवण्यासाठी १९३६ मध्ये बसवली होती. तिच्यासाठी मच्छरदाणी लावून पाहिली, भोकं फार मोठी. चहाच्या नायलॉनच्या गाळणीची जाळी मात्र चपखल बसली. जाळीतले चेंडू काढायची शिडी अजून बाकी आहे.

दोन्ही तुकडे आलटून पालटून लावून बघतोय. बेस तोच, रस्ता तोच. १९४७ चा तुकडा बसला की सगळं मैदान डावीकडे झुकल्यासारखं दिसतं.

पुढचं काम उजवीकडचं. १९४० मध्ये तिथे बुलपेन (राखीव गोलंदाजांच्या सरावाच्या जागा) आले आणि कुंपण २३ फूट पुढे सरकलं. रेड सॉक्सचा डावखुरा फलंदाज टेड विल्यम्स याला ते सोयीचं, म्हणून लोक त्या भागाला ‘विल्यम्सबर्ग’ म्हणू लागले. म्हणजे उजवीकडेही दोन सुटे तुकडे लागणार, आणि तिथली खाच मी अजून कापलेली नाही. बेस उलटा करून खालून कापावी की वरून, हे कोणी आधी करून पाहिलं असेल तर सांगा. रविवारी कापायला बसतोय.