किती जणांना वाचवलं हो त्याने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या दिवाणखान्यात पिवळ्या वॉटरप्रूफ कपड्यांतला जो फोटो आहे, त्याच्याखाली बसून चहा घेणारा प्रत्येक पाहुणा कधी ना कधी विचारतोच, "लाइफबोटवर होता ना तुमचा मित्र? किती जणांना वाचवलं हो त्याने?"

माझं उत्तर ऐकून चेहरे पडतात. तो बोटीवर नव्हताच. ट्रॅक्टर चालवायचा.

वेल्समधल्या लॅनडिड्नोत मी अकरा वर्षं काढली. (गावाच्या नावातला पहिलाच उच्चार मला कधी जमला नाही. आपला ळसुद्धा तिथे उपयोगी पडत नाही.) गावाच्या उत्तरेला समुद्र आणि पश्चिमेलाही. हाक कुठल्या बाजूने येईल याचा नेम नाही, म्हणून जुन्या लोकांनी बोटघर बांधलं ते भर गावात, लॉइड स्ट्रीटवर. २०१७ साली किनाऱ्यावर नवं बोटघर झालं, तोवर लाइफबोट गाड्यावर बसून, ट्रॅक्टरच्या जोरावर, दुकानांसमोरून समुद्राकडे जायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाजीची पिशवी धरून फुटपाथवर तसाच उभा राहिलो. ट्रॅक्टरवर तो होता.

पगार? दमडी नाही. आरएनएलआय ही समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी ब्रिटनमधली संस्था १८२४ सालची, लोकांच्या देणग्यांवर उभी आहे आणि तिचे बहुतेक बोटकरी स्वयंसेवकच. हा पेशाने प्लंबर. पेजर वाजला की हातातला पाना खाली. अर्धवट सोडलेले नळ गावाने बिनतक्रार सोसले.

एकदा आमच्याकडे जेवायला आला होता. पुरणपोळीवर तूप वाढलं आणि कमरेचा पेजर वाजला. बूट हातात घेऊनच पळाला. चार तासांनी परत, अंगाला डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास.

"कोण होतं?"

"कुणी नाही. किनाऱ्यावरून एकाला बुडणारा माणूस दिसला, तो पाण्यावर तरंगणारा बोया निघाला."

म्हणजे शोध तासाभरात आटोपला होता. बाकीचा वेळ बोट परत गाड्यावर ओढून घ्यायला, घरी आणायला, गोड्या पाण्याने धुवायला, डिझेल भरायला. पुढची हाक लगेचही येऊ शकते ना! मी त्या खबर देणाऱ्यावर चिडलो, तो नाही. अशा हाकेला त्यांच्यात नावच आहे म्हणाला: चांगल्या हेतूने दिलेली खोटी वर्दी. मग गार पोळी मिटक्या मारत संपवली.

त्यांचा ट्रॅक्टर पाण्यात शिरेल असाच बनवलेला असतो. मध्येच बंद पडला तर सगळं घट्ट बंद करायचं, आपण बाहेर पडायचं आणि त्याला भरतीखाली जाऊ द्यायचं. ओहोटीला येऊन न्यायचा. हे तो पंक्चर काढल्यासारखं सांगायचा.

मी मूळचा हर्णैचा. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायला आमच्याकडे अख्खी वाडी लोटायची, हे त्याला रंगवून सांगितलं. दुसरा कुणी समुद्राबद्दल विचारता. याने विचारलं, "दोर कोण सांभाळायचं?"

कर्करोगाने गेला. शेवटच्या महिन्यात पेजर परत द्यावा लागला, तेवढं एक त्याला लागलं होतं.

तेव्हा किती जण वाचवले, ते मला नाही सांगता येणार. पण फोटो जवळ जाऊन पाहा. त्याच्या हातात दोरबीर, दुर्बीणबिर्बीण काही नाही. पाण्याचा पाइप आहे.